दहा सेंटिमीटरची साक्ष

समुद्रतळातला गाळ काढायची नळी फार रुंद नसते. आम्ही नेहमी वापरतो तिचा आतला व्यास जेमतेम दहा सेंटिमीटर. वरच्या टोकाला शिशाची वजनं, खालच्या टोकाला धारदार कडा, आणि कडेच्या आत पातळ पोलादी पात्यांची एक कडी. ती गाळाला आत शिरू देते, परत निसटू देत नाही. विंचवरून तार सोडायची, तळ जवळ आला की नळी मोकळी सोडायची आणि स्वतःच्या वजनानं चिखलात जेवढी घुसेल तेवढी घुसू द्यायची. मग ओढून वर घ्यायची. आत गाळाचा जो दांडा येतो त्याला आम्ही कोअर म्हणतो. कोकणच्या किनाऱ्यालगत, वीस-तीस मीटर पाण्यात, तळ मऊ लागला तर दीड-दोन मीटरचा कोअर हाती येतो.

या दहा सेंटिमीटरांच्या जोरावर मी इतकी वर्षं समुद्राबद्दल बोलत आले. एका कोअरवरून एका खाडीबद्दल, चार-दोन कोअरांवरून अख्ख्या जिल्ह्याच्या किनाऱ्याबद्दल. नमुन्यावरूनच बोलायचं असतं, त्याला इलाज नाही. पण नमुना केवढा आणि विधान केवढं, हा हिशेब ज्याचा त्यालाच मांडावा लागतो. निबंध तपासणारे तज्ज्ञ आकडे पाहतात, आलेख पाहतात. डेकवर काय घडलं ते त्यांच्यापुढे येत नाही. ते मी पाहिलेलं असतं, आणि त्याबद्दल मलाच मला विचारायला हवं.

पहिला प्रश्न सगळ्यात वरच्या थराचा. तळाचा वरचा एखाद-दोन सेंटिमीटरचा गाळ इतका मऊ असतो की त्यात मातीपेक्षा पाणीच जास्त. तोच सगळ्यात नवा, गेल्या काही वर्षांतला. किनाऱ्यावरच्या माणसांना आज जे काय सोसावं लागतंय त्याची खूण असलीच तर तिथे असणार. आणि नेमका तोच थर आमच्या हातून जातो. वेगानं खाली येणारी नळी आपल्यापुढे पाणी ढकलत येते, आणि नळी टेकायच्या आत ते पाणी वरचा थर उधळून लावतं. पुढचा गाळ आत शिरताना भिंतीला घासतो, दबतो, आखडतो. नळीच्या बाहेरच्या अंगाला चिकटलेल्या चिखलावरून ती किती खोल गेली ते कळतं, आणि आतला दांडा मोजून आपल्याला मिळालं किती ते कळतं. हे दोन आकडे जवळजवळ कधीच जुळत नाहीत. डेकवरच्या वहीत दोन्ही लिहिले जातात. छापलेल्या निबंधात बहुतेक वेळा एकच उरतो.

वरचा थर जपणारी साधनंही आहेत. बॉक्स कोअरर हळूच टेकतो आणि तळाचा चौकोनी तुकडा वरच्या पाण्यासकट उचलून आणतो. ते पाणी नितळ असेल, चिखलाच्या पृष्ठभागावर किड्यांची बारीक बिळं जशीच्या तशी दिसत असतील, तर नमुना चांगला. त्या क्षणी डेकवर सगळेच वाकून बघतात. थकवा कुठल्या कुठे जातो. पण अशा अवजड साधनाला मोठी क्रेन लागते, आणि उथळ पाण्यात आम्ही पुष्कळदा भाड्याच्या मच्छीमार बोटीवरूनच काम करतो. तिथे नळीवर भागवावं लागतं. भागवायला हरकत नाही. मात्र आपण भागवलंय हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

गाळाचं वय ठरवतानाही हेच. शिसे-२१० या किरणोत्सारी शिशाचं अर्धायुष्य साधारण बावीस वर्षांचं, त्यामुळे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा गाळ त्यावरून मोजता येतो. १९६३ च्या आसपास अणुचाचण्यांमुळे जगभर पडलेल्या सीझियम-१३७ ची खूण सापडली तर तिचा आधार मिळतो, पण आपल्याकडच्या गाळात ती अनेकदा अंधूकच असते. त्याहून जुन्यासाठी कार्बन-१४, अर्धायुष्य ५७३० वर्षं. ही मोजणी महाग, म्हणून एका कोअरमध्ये मोजक्याच ठिकाणी वय काढायचं आणि मधल्या थरांसाठी दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेष ओढायची. त्या रेषेवर दर वर्षी ठरावीक मिलिमीटर गाळ शांतपणे बसत जातो. खऱ्या समुद्रात २००९ साली फयान चक्रीवादळ येतं, २०२० साली निसर्ग, पुढच्याच वर्षी तौक्ते. एका रात्रीत उथळ तळ ढवळून निघतो, कुठे खरवडला जातो, कुठे हातभर चिखल एकदम साचतो. भरीला ट्रॉलरची जाळी त्याच तळावरून हंगामभर फिरत असतात. एखाद्या थराला मी १९९० चा म्हणते तेव्हा तो कदाचित पाच वर्षं अलीकडचा असेल, कदाचित दहा वर्षं पलीकडचा, किंवा कुठल्याशा वादळानं कालवलेली दोन-तीन दशकं असतील. आलेखात चूक-मर्यादेची बारीक रेघ असते. व्याख्यानाला उभी राहिले की ती रेघ माझ्या तोंडून गळते. ऐकणाऱ्यांना साल हवं असतं आणि मीही साल देऊन मोकळी होते.

मग निवडीचा प्रश्न. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या चिखलात पुष्कळ ठिकाणी मिथेन वायू अडकलेला आहे. असा कोअर वर आला की पाण्याचा दाब उतरतो, वायू फुगतो आणि दांडा भेगाळतो. हा कोअर बाजूला ठेवला जातो. नळी रेतीवर आपटून रिकामी आली, तर बोट थोडी सरकवून पुन्हा सोडली जाते. अखेर प्रयोगशाळेत पोचतात ते मऊ, सलग, शहाण्या थरांचे कोअर, आणि त्यांच्यावरून समुद्रतळाचं जे चित्र उभं राहतं तेही तसंच शहाणं. जिथून काही आलं नाही, ती ठिकाणंही तळाबद्दल काही सांगत असतात. नकाशावर त्यांची खूण नसते.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ती सांगते. गाळात फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशी जीव असतात. बहुतेक मिलिमीटरहूनही लहान, पण स्वतःभोवती चुनखडीचं देखणं कवच बांधणारे. पाणी किती खारं, किती उबदार, त्यात प्राणवायू किती, याप्रमाणे कुठल्या जाती टिकतात ते ठरतं, म्हणून त्यांच्या कवचांवरून जुन्या समुद्राचा अंदाज बांधता येतो. कोअरचे एकेक सेंटिमीटरचे काप करायचे आणि वरच्या कापांवर अल्कोहोलात कालवलेला रोझ बेंगाल हा रंग ओतायचा. रंग प्रथिनाला धरतो. नमुना घेतला तेव्हा जे जिवंत होते ते गुलाबी होतात, रिकामी कवचं पांढरी राहतात. नुकतेच मेलेलेही काही रंगतात, हे प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावं लागतं. मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर नळाच्या बारीक धारेखाली चिखल धुऊन टाकायचा, उरलेलं सुकवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली, ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कवच उचलून काळ्या पट्टीवर मांडायचं. साधारण तीनशे झाले की मोजणी पुरी समजतात.

तक्त्यात गुलाबी कवचांच्या रकान्याला मथळा असतो ‘जिवंत’. ते जिवंत होते, मी बाटली ओतेपर्यंत. हा शब्द मी इतक्या वेळा लिहिला, पण त्यापाशी थांबले फार उशिरा. एका चमचाभर गाळात असे कितीतरी. शिवाय सूत्रकृमी, बारके शिंपले, स्वतःच्या नळीत राहणारे किडे. यावर एक तयार उत्तर आहे आणि ते खरंही आहे: माझ्या नळीनं त्यांच्या संख्येला काडीचाही फरक पडत नाही, ट्रॉलरचं एक ओढणं याच्या लाखपटीनं तळ उपसतं. पण दुसऱ्याच्या मोठ्या नुकसानीशेजारी ठेवलं म्हणून माझं देणं फिटत नाही. मी काम सोडावं असं मला वाटत नाही. मला एवढं वाटतं की प्रश्नाला लागेल त्याहून जास्त उपसायचं नाही, आणि जे उपसलं ते पूर्ण वाचायचं. या दुसऱ्या अटीवर मी स्वतःला तपासते तेव्हा शीतगृह डोळ्यांपुढे येतं.

शीतगृहात चार अंश तापमानाला कोअर ठेवलेले असतात. प्रथा अशी की काकडी उभी चिरावी तसा कोअर लांबीत चिरायचा, एका अर्ध्यावर काम करायचं आणि दुसरं अर्धं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून हात न लावता ठेवून द्यायचं. उद्या कुणाकडे चांगली उपकरणं असतील, वेगळे प्रश्न असतील, त्याच्यासाठी ते. माझ्या व्यवसायातली ही सर्वांत सज्जन रीत आहे असं मी मानते. पण त्याच मांडण्यांवर कधीच न चिरलेले कोअरही आहेत. जहाजाचे दिवस मिळाले होते, हवामान चांगलं होतं, काढून ठेवावेत असं ठरलं. नळीवर वरच्या दिशेचा बाण, ठिकाण, खोली, तारीख, सगळं नीट लिहिलेलं. आत काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही. पुढच्या मोहिमेची मागणी लिहायला बसले की आधी त्या मांडणीपुढे जाऊन उभं राहायचं, असं मी आता ठरवलं आहे.

उपसण्याची ही गोष्ट सोडली तर एवढं सगळं जास्त बोलण्याबद्दल झालं. जास्त बोलण्याचं मोठं उदाहरण आपल्या शेजारीच घडलेलं आहे. २००२ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्र्यांनी जाहीर केलं की खंभातच्या आखातात, समुद्राच्या तळाशी, एका अतिप्राचीन नगरीचे अवशेष सापडलेत. आधार होता ध्वनिलहरींनी काढलेल्या प्रतिमांचा, तळावरून खरवडून आणलेल्या वस्तूंचा आणि लाकडाच्या एका तुकड्याचा. त्या तुकड्याचं वय निघालं सुमारे साडेनऊ हजार वर्षं. पण ते वय त्या लाकडाचं. ज्या आखातात भरती-ओहोटीचे प्रवाह इतके जोरकस आहेत तिथे ते लाकूड कुठून वाहत आलं, कुठल्या थरात होतं, शेजारच्या वस्तूंशी त्याचा संबंध काय, हे खरवडून काढलेल्या ढिगावरून कळत नाही. पुरातत्त्वज्ञांनी तेव्हाच ही हरकत घेतली. मला कुणाकडे बोट दाखवायचं नाही. लोकांच्या डोळ्यांतली उत्सुकता आपल्याला एक पाऊल पुढे कसं ओढते ते मी अनुभवलंय. कोकणात कुठेही बोलायला गेले की शेवटी कुणीतरी परशुरामाबद्दल विचारतंच. समुद्र मागे हटला हे तुमच्या गाळात दिसतं ना, मॅडम? मी सांगते, दिसतं ते उलट. वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि किनारा पश्चिमेला दूरवर होता. तेव्हापासून समुद्र आत आला आहे. खाड्यांच्या तोंडाशी गाळ साचून जमीन थोडी पुढे सरकली असेल, ती गोष्ट वेगळी. सभागृहातला उत्साह मावळतो. इथे मी डगमगले नाही, हे मात्र मी स्वतःला सांगू शकते.

डगमगण्याची जागा निराळीच निघाली. ती कमी बोलण्याची आहे.

एका खाडीच्या तोंडाशी आम्ही नमुने घेत होतो. बोट भाड्याची, तांडेल साठीचे, त्याच पाण्यात जन्म काढलेले. कुठे चिखल, कुठे रेव, कुठे खडक, किती वाव पाणी, हे त्यांना आमच्या यंत्राआधी ठाऊक असायचं. नळी कुठे रिकामी येणार तेही ते आधीच सांगायचे. खाडीच्या वरच्या अंगाला रासायनिक कारखान्यांची वसाहत. डेकवर कोअर आडवा ठेवून मी झाकण लावत होते. टोकाचा चिखल काळपट होता आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटला होता. तांडेलकाका जवळ येऊन उकिडवे बसले. म्हणाले, “मॅडम, ह्या चिखलात तुमका काय गावतला?” मी सांगितलं, पाणी कधी बिघडलं ते कळेल. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “काय गावला ता आमका पण सांगा हां.” मी हो म्हटलं.

त्या कोअरमध्ये सापडलं ते असं. खालच्या थरांत फोरॅमिनिफेराच्या अनेक जाती. वरच्या वीसेक सेंटिमीटरांत त्या कमी होत गेल्या आणि अमोनिया ही त्यांच्यातली काटक प्रजाती वरचढ झाली. वेडीवाकडी कवचं वाढली. त्याच थरांत जड धातूंचं प्रमाणही चढलं. यावर अहवालात वाक्य आलं: ‘या बदलांमागे काही प्रमाणात मानवी हस्तक्षेपाची शक्यता नाकारता येत नाही.’

हे वाक्य माझं आहे. त्याच्या बाजूनं जे बोलता येईल ते मी मनाशी पूर्ण बोलले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, प्राणवायू कमी असलेलं पाणी खालून उथळ भागात चढतं. ते मुळात निसर्गातलंच. ही स्थिती तीव्र होत असल्याचं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वैज्ञानिकांनी २००० साली ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. अशा पाण्यातही नाजूक जाती मागे पडतात. मुसळधार पावसाचं गोडं पाणी खाडीत शिरलं की अमोनियाचं फावतं. म्हणजे केवळ जाती बदलल्या म्हणून कारखान्यांवर बोट ठेवता येत नाही. सावधगिरी रास्त होती. पण खाडीबाहेरचाही एक कोअर आमच्याकडे होता. त्याला तोच पाऊस, तेच कमी प्राणवायूचं पाणी. त्याच्या वरच्या थरांत ना धातू चढले होते, ना कवचं वाकडी झाली होती. ही तुलना अहवालात आहे. निष्कर्षाच्या वाक्यात मात्र तिचं वजन उतरलेलं नाही.

शास्त्रज्ञाची सावधगिरी आणि नोकरदाराचं भय एकाच व्याकरणात बोलतात. दोघंही ‘नाकारता येत नाही’ असंच म्हणतात. वेगळी ओळखायची कशी? मला एकच कसोटी सापडली. निकाल उलटा आला असता, खाडी स्वच्छ निघाली असती, तर तेवढ्याच पुराव्यावर मी ‘खाडी स्वच्छ असण्याची शक्यता काही प्रमाणात नाकारता येत नाही’ असं लिहिलं असतं का? नसतं लिहिलं. ‘खाडी स्वच्छ आहे’ असं लिहून मोकळी झाले असते. म्हणजे त्या वाक्यातली सगळी सावधगिरी विज्ञानाची नव्हती.

आणि हा प्रश्न एका खाडीपुरता उरलेला नाही. समुद्रतळातल्या खनिजांसाठीचा कायदा २००२ चा. २०२३ साली त्यात दुरुस्ती होऊन लिलावाची वाट मोकळी झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्या फेरीत तेरा पट्टे लिलावाला निघाले. त्यातले तीन केरळच्या कोल्लमलगतच्या समुद्रातले, बांधकामाच्या वाळूचे. त्याविरुद्ध तिथल्या मच्छीमारांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये किनाराभर हरताळ पाळला. त्या पट्ट्यांमागे माझ्यासारख्यांनीच काढलेले नमुने आहेत. वाळूत आमची साधी नळी शिरत नाही. तिथे कंप देत घुसणारा व्हायब्रोकोअरर लागतो. कणांचा आकार, मातीचं प्रमाण, थराची जाडी, गुणिले क्षेत्रफळ, की टन निघाले. हा हिशेब चोख करता येतो. कुठल्या महिन्यात कुठलं मासळीचं पिल्लू त्या वाळूवर वाढतं, कुणाची बोट पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाळं टाकते, हे नळीत येत नाही. म्हणून ते तक्त्यातही येत नाही, आणि तक्त्यात नाही ते निविदेतही नाही.

रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या उपसागरात, दख्खनच्या काळ्या कातळातून झिजून आलेल्या इल्मेनाइटचा अभ्यास कित्येक वर्षं झालेला आहे. उद्या आपल्या किनाऱ्याचा पट्टा निघाला तर आमचे जुने तक्ते परिशिष्ट म्हणून जोडले जातील. ‘मी फक्त विज्ञान केलं’ असं तेव्हा म्हणायची सोय मला ठेवायची नाही. माहिती दडवावी असंही मी म्हणणार नाही. ती दडवली तर ज्यांना हरकत घ्यायची आहे त्यांच्याही हाती काही राहत नाही. ती दोन्ही बाजूंच्या हाती सारखीच पडली पाहिजे, आणि नळीत जे आलं नाही ते तिथेच, टनांच्या शेजारच्या रकान्यात, लिहिलेलं पाहिजे. माझ्या वाचण्यात आलेल्या अहवालांत असा रकाना मी पाहिलेला नाही. तो सुरू करायला कुणाची परवानगीही लागत नाही.

त्या खाडीच्या अहवालाचा मराठी गोषवारा मी सध्या लिहिते आहे, गावातल्या मच्छीमार सोसायटीला द्यायला. नळी किती खोल गेली आणि गाळ किती मिळाला हे दोन्ही आकडे पहिल्या पानावर आहेत, नळी रिकामी आलेली ठिकाणं नकाशावर आहेत. कच्चा मसुदा तांडेलकाकांच्या मुलाला वाचायला दिला होता. तो आता बोट चालवतो. त्यानं बाकी फारसं काही विचारलं नाही. एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून आणली आणि म्हणाला, “मॅडम, शक्यता नाकारता येत नाय, म्हणजे आसा की नाय ता सांगा.”

आहे, म्हटलं. वरच्या वीस सेंटिमीटरांत आहे, त्याखाली नाही; खाडीत आहे, बाहेर नाही; आणि कुठल्या वर्षापासून ते मी नेमकं सांगू शकत नाही, दहा वर्षांचा फरक पडू शकतो. तो म्हणाला, मग असंच लिहा की. ते वाक्य काढून मी तसंच लिहिलं आहे. मूळ अहवालाच्या दुरुस्तीचं पत्रही टाइप करून झालं आहे. सोमवारी ते पाठवायचं आहे.